अर्ध्या पट्ट्याची जोडी

मासे पाळले की डोकं शांत राहतं, असं माझी सगळी गिऱ्हाइकं मला ऐकवायची. कुणाला डॉक्टरने सांगितलेलं असायचं, कुणी कुठेतरी वाचलेलं असायचं. संध्याकाळी काचेच्या टाकीसमोर बसलं की रक्तदाब उतरतो म्हणे. मी जन्मभर टाक्यांसमोर बसलो, माझा काही उतरला नाही. उलट जो चढला तो ह्याच धंद्यात चढला, आणि त्यातला निम्मा एका जोडीमुळे चढला. तिचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माशांची आहे, पण ती माझ्या बहिणीच्या दारात जाऊन थांबते. संपादकांनी ‘हलकंफुलकं लिहा, दिवाळीचा अंक आहे’ असं बजावलंय. बघतो किती जमतं ते.

माझं दुकान खोपोलीला, शिळफाट्यावर. मूळचा मी काच कापणारा. खिडक्यांची तावदानं, देवादिकांच्या तसबिरी, आरसे. एकदा गिरणीतल्या एका साहेबांनी विचारलं, ‘भोईर, माशांची टाकी कराल का?’ तेव्हा लोखंडी पट्ट्यांची चौकट करून तिच्यात पुटीनने काच बसवायचे. माझी पहिली टाकी साहेबांच्या गालिच्यावर गळली. दुसरी गळली नाही. तिसरी लागताच शेजारचे साहेब आले आणि मी ‘मासेवाले भोईर’ झालो. पुढे सिलिकॉनचा गोंद आला आणि चौकटी गेल्या.

आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दोनच कामं केली, भात लावला आणि भाताबरोबर मासा खाल्ला. मी दुकानात मासे ठेवले तेव्हा आई बघायला आली. बराच वेळ टाकीत डोळे घालून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘येवढं चारतूस त्यांना, मंग कापायचं कधी रं?’’ शोभेसाठी पाळतात म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. ती मरेपर्यंत लोकांना सांगायची, आमच्या दत्ताचं काचेचं दुकान हाय. माशांचं नाव काढायची नाही.

हा धंदा माशांचा नाहीच मुळी, पाण्याचा आहे. हे कुणाला पटत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच खातो आणि त्यातच घाण करतो. नदीत ती घाण वाहून जाते, टाकीत कुठे जाणार? ती पचवणारे जंतू वाळूत तयार व्हावे लागतात आणि त्याला काही आठवडे जातात. तोवर टाकी नुसती चालू ठेवायची, मासे सोडायचे नाहीत. पण रिकामी टाकी पाहुण्यांना कशी दाखवणार? मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एक बाई मला दर चार दिवसांनी मेलेले मासे बदलायला बोलवायच्या, फुलदाणीतली फुलं बदलावीत तसे. एका गृहस्थांना सोफ्याच्या कापडाला जुळणारे मासे हवे होते, त्यासाठी त्यांनी कापडाचा तुकडा पाठवला होता. एकांना हवेच्या पंपाचा आवाज झोपताना सहन होत नसे, म्हणून ते रोज तो बंद करून झोपायचे आणि सकाळी मलाच विचारायचे, ‘‘तुमचे मासे इतके कच्चे कसे हो?’’ कर्जतच्या एका जमीनवाल्याने तर मासा परत पाठवला. तक्रार काय, तर पाहुणे आले की तो दगडाआड जातो.

मी हसून घ्यायचो. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. घरी येऊन बायकोवर चिडायचो, आणि ती म्हणायची, ‘‘माशांचा राग हिकडं काढू नका.’’

ह्या सगळ्या लोकांत एक घर मात्र वेगळं होतं. कर्जतला लागून असलेल्या दहिवलीचे कर्णिक. साहेब जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरी वहिनी एकट्या. मूलबाळ नव्हतं. साहेबांनी एका सुट्टीत माझ्याकडून मोठी टाकी करून घेतली आणि म्हणाले, ‘‘भोईर, ह्यात समुद्र ठेवायचाय.’’ मला वाटलं गंमत करतायत. कर्जत कुठे, समुद्र कुठे? घाटाच्या पायथ्याला बसून समुद्र पाळायचा म्हणजे खुळेपणाच. पण त्यांनी परदेशातून पुस्तक आणलं होतं, पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची तरंगती नळी आणली होती. आम्ही तिघांनी मिळून तो खुळेपणा केला. अलिबागच्या पुढे एका किनाऱ्यावरून भरतीचं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमधून टेंपोने आणायचं. टेंपो माझ्या मेहुण्याचा, बहिणीच्या नवऱ्याचा, बाळारामचा. पोवळ्याचे दगड रचले, खडकांवरची समुद्रफुलं आणली, ती बोटांसारखी शेंडे हलवत बसायची. दोनदा सगळं सडलं, दोनदा पुन्हा केलं. तिसऱ्यांदा पाणी जमलं. इतकं स्वच्छ की टाकीत पाणी आहे हे कळायचंच नाही.

मग साहेब एकदा विमानाने परतले ते मांडीवर थर्मासचा डबा घेऊन. डब्यात दोन मासे. क्लाऊन म्हणतात त्यांना, विदूषक. नारंगी अंगावर पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. पण ह्या दोघांचा मधला पट्टा पाठीवरून निघून पोटापर्यंत पोचतच नव्हता, अर्ध्यावरच पुसल्यासारखा थांबला होता. साहेबांच्या ओळखीच्या एका परदेशी माणसाने आपल्या घरच्या टाकीत ह्यांची पैदास केली होती आणि अशा अर्ध्या पट्ट्याची मोजकीच पिल्लं निघाली होती. साहेब म्हणाले, ‘‘भोईर, ह्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही. काचेत जन्मलेत.’’

मी धंद्यात मुरलेला माणूस, पण ते ऐकून डब्यावर वाकलो आणि त्यांना पुन्हा नव्याने बघितलं. तोवर माझ्या दुकानातला समुद्रातला प्रत्येक मासा कुणीतरी पकडून आणलेला असायचा. हे पहिले असे, ज्यांना कुणी कुठूनच ओढून आणलं नव्हतं.

पुस्तकात लिहिलं होतं की हा मासा समुद्रफुलात घर करतो. आमची जोडी समुद्रफुलाकडे ढुंकून बघेना. तिला ते काय असतं हेच माहीत नव्हतं. कोपऱ्यात मी दगडाला टेकू म्हणून एक मातीची कुंडी आडवी घातली होती, तुळशीला वापरतो तसली साधी. जोडी तिच्यात जाऊन बसली ती बसलीच. वहिनी म्हणाल्या, ‘‘कर्जतला आले ना, कर्जतसारखेच राहणार.’’ ह्या जातीत मादी मोठी आणि नर लहान, घरात तिचाच शब्द चालतो. मोठी मरण पावली तर लहान्याचीच मादी होते. हे सांगितलं की पुरुष गिऱ्हाइकं हसायची आणि त्यांच्या बायका पुन्हा एकदा नीट सांगायला लावायच्या.

साहेब जहाजावर गेले आणि ती जोडी वहिनींनी सांभाळली. कोळंबी बारीक चिरून आपल्या हाताने भरवायच्या. वीज गेली की स्टूलवर उभ्या राहून लोटीने टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत सोडत राहायच्या, हवा मिसळावी म्हणून. तासच्या तास. मी एवढी वर्षं टाक्या लावल्या, पण पाण्यासाठी असा हात दुखवून घेणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

एक दिवस शेजारच्या पानवाल्याच्या फोनवर त्यांचा निरोप आला. मी जाऊन फोन घेतला. ‘‘भोईर, कुंडीच्या आत मोहरी पेरल्यासारखं नारंगी काहीतरी दिसतंय हो.’’

अंडी! मी स्कूटर काढली ती थेट दहिवलीला थांबवली. नर अंड्यांसमोर उभा राहून परांनी वारा घालत होता. मध्येच एखादं खराब अंडं तोंडाने उचलून टाकायचा, पुन्हा वारा. त्या दिवशी वहिनींनी मला शिरा वाढला, बारशाला करतात तसा. आमचं ठरलं की पिल्लं निघाली तर ती वाढवायची जबाबदारी माझी. मी दुकानाच्या गच्चीवर बरण्यांमधून हिरवं पाणी करायला लागलो, पिल्लांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे किडे त्यात होतात म्हणून. मला हवं होतं ते एवढंच, की काचेत जन्मलेल्यांची काचेत जन्मलेली पिल्लं ह्या तालुक्यात, आपल्या हातून निघावीत. जन्मात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

पावसाळ्यात समुद्र गढूळ होतो आणि नद्यांच्या पाण्याने गोडा होतो, म्हणून आम्ही मे महिन्यात पाण्याचा साठा करून ठेवायचो. त्या वर्षीचा साठा बाळाराम आधीच आणून वहिनींच्या जिन्याखाली ठेवून गेला होता. पाणी टाकीत घालण्याआधी मी दर वेळी वास घ्यायचो आणि बोट बुडवून चव बघायचो. अंडी दिसल्यावर चौथ्या दिवशी पाणी बदलायचं होतं, तेव्हाही वास घेतला, चव बघितली. समुद्राचा वास, समुद्राची चव. दुपारी थोडं जुनं पाणी काढलं, तेवढंच नवं हळूहळू सोडलं.

वहिनींनी चहा आणला तेव्हा मादी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. मग ती फिरायला लागली, भोवऱ्यासारखी, स्वतःभोवतीच. समुद्रफुलं आत ओढली गेली. मी पंप वाढवला, पाणी काढलं, जुनं होतं तेवढं परत ओतलं, काय काय केलं ते आता आठवतही नाही. मादी तळाला गेली. नर मात्र कुंडीतून बाहेर आला नाही. तोल जात होता, एका कुशीवर कलत होता, सरळ होऊन पुन्हा वारा घालत होता. वहिनी टाकीच्या काचेला हात लावून म्हणत होत्या, ‘‘राहू दे रे, राहू दे आता.’’ तो अंड्यांसमोरच पडला. सकाळपर्यंत अंडी पांढरी झाली.

‘‘काय घातलंत तुम्ही त्यात?’’ वहिनींनी विचारलं. आयुष्यात त्या माझ्याशी त्या आवाजात एकदाच बोलल्या.

‘‘समुद्र घातला, वहिनी,’’ मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

मी तिथून उठलो आणि तडक बहिणीच्या गावी गेलो. माझी धाकटी बहीण कुंदा मोहोपाड्याजवळच्या एका गावात दिलेली. बाळाराम टेंपो धूत होता. मी म्हटलं, ‘‘भावजी, मे महिन्यातलं पाणी कसं आणलंत, ते नीट सांगा.’’

‘‘कसं म्हंजे? न्हेमीसारखं,’’ तो म्हणाला. ‘‘येताना पेणच्या हिकडं दोन कॅन फुटले. पानी गळाया लागलं. मंग घरी थांबलो, ह्या ड्रमात भरलं आन्‌ सकाळी दहिवलीला नेऊन वहिनींच्या कॅनमंदी वतलं. का, कमी भरलं का?’’

दारात निळा ड्रम उभा होता. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, वर पितळेचा तांब्या उपडा. आमच्या भागात हे ड्रम घराघरात असतात. कारखान्यांत ह्यांच्यातून काय काय येतं, रिकामे झाले की ते भंगारात जातात, भंगारवाला गावोगाव विकतो. रांजण फुटतो, हंड्यात मावत नाही, विहीर लांब. ड्रमात दोन दिवसांचं पाणी बसतं. मी रुखवतात ड्रम मांडलेला पाहिलाय, वर कुंकवाची पाच बोटं.

‘‘ह्यात आदी काय व्हतं?’’ मी विचारलं. चिडलो की माझीही भाषा गावची होते.

‘‘काय म्हाईत. पन धुतलाय चांगला. आमी त्यातलंच पितो की, दादा! मान्सांचं पानी माशाला चालंल म्हनून तर भरलं.’’

मी ड्रमावर हात फिरवला. एका बाजूला खरवडल्याच्या खुणा होत्या. कुंदा आतून आली. ‘‘तिथं कवटीचं चित्र व्हतं रं,’’ ती म्हणाली. ‘‘पोरं भ्यायची. मी काथ्यानं आन्‌ राखंनं घासून घासून काडलं.’’

तेव्हा जे माझ्या अंगातून गेलं तो रागच होता की दुसरं काही, मला अजून सांगता येत नाही. बाळारामवर चिडता येईना. त्याने जे घरच्यांना पाजलं तेच माझ्या माशांना दिलं होतं, आणि त्याहून जास्त मान कुणी कुणाला देत नाही. मी ड्रमाला लाथ घातली. तो कलंडला, अंगणभर पाणी झालं. आणि कुंदा माझ्या अंगावर धावून आली. ‘‘डोकं फिरलंय का तुजं? इहिरीवरनं डोक्यावर आनलेलं पानी हाय त्ये! मासा मेला म्हून माज्या घरातलं पानी सांडतूस?’’

तिचं बरोबर होतं. मी तिच्याबरोबर विहिरीवर गेलो, हंडे भरून आणले, आणि ते पाणी पुन्हा त्याच ड्रमात ओतलं. दुसरं भांडंच नव्हतं.

पुढचं ऐका. कर्णिक साहेब सुट्टीवर आले, वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं. साहेब सज्जन माणूस. त्यांनी ओळखीच्या कारखान्यातल्या लोकांना सांगितलं, आणि त्यांचे दोन साहेब जीप घेऊन दहिवलीला आले. टाकीतलं पाणी बाटलीत घेतलं, मेलेल्या माशांबद्दल दुःख व्यक्त केलं. वहिनींसमोर खरंच मान खाली घालून उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, असाच ड्रम माझ्या बहिणीच्या दारात आहे, बहिणीच्या शेजारणीच्या दारात आहे, गावभर आहे. तिथलं पाणी बाटलीत घ्याल का? त्यातले मोठे साहेब म्हणाले, ड्रम पाण्यासाठी नसतात, तसं त्यावर छापलेलं असतं. आणि तो ड्रम त्यांच्याच कारखान्याचा कशावरून? भंगारवाल्याला विचारलं तर त्यालाही सांगता येत नव्हतं. धाकटे साहेब जरा थांबले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, ‘‘हे बघा भोईर, माशाला जे लागतं ते माणसाला लगेच लागत नाही.’’

‘‘लगेच नाही, म्हणजे कधी?’’

ते जीपकडे बघायला लागले. वाईट माणूस नव्हता. ‘‘तुमच्या लोकांना सांगा, वापरू नका म्हणून,’’ एवढं बोलून गेले.

दोन माशांच्या दुखवट्याला जीप आली. माझ्या बहिणीच्या गावात ह्या कामासाठी जीप तेव्हा आली नाही, त्यानंतरही आली नाही, आणि हे लिहीपर्यंत आलेली नाही. ज्यांना हे वाचून वाईट वाटेल त्यांनी वाटून घ्यावं. मला मात्र त्या वेळी वाटलं की ती बाटली घेऊन कुणाच्या तरी डोक्यात घालावी. आजही वाटतं.

माझ्या लोकांना मी सांगितलं. ग्रामपंचायतीत सांगितलं, भजनाच्या बैठकीत सांगितलं. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, ‘‘तुजे शोभेचे मासे रं! त्यांच्यावर फुक मारली तरी मरतात. आमी काय त्येवढं नाजूक हाय?’’ सगळे खुश झाले. सरपंच म्हणाले, मग भरायचं कशात, ते सांगा. तेवढा एकच प्रश्न बरोबर होता.

मला काचेची टाकी सोडून दुसरं काही बनवता येत नाही. तेव्हा मी टाकी बनवली. जाड काच, दुहेरी सिलिकॉन, वर लाकडी झाकण, उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून चारी बाजूंना गोणपाट. वहिनींच्या टाकीच्या मापाचीच केली. ते माप माझ्या हातात बसलं होतं. टेंपोत घालून बाळारामने आणि मी ती कुंदाच्या ओटीवर नेऊन ठेवली. गाव बघायला आलं. भोईराने बहिणीला माशांची टाकी दिली आणि मासे द्यायला विसरला, अशी चेष्टा चालली होती. कुंदाने पाणी भरलं, गोणपाट वर करून काचेतून आत बघितलं आणि मला म्हणाली, ‘‘दादा, ह्यात एक मासा सोड.’’

‘‘कशाला गं? प्यायचं पाणी हाय.’’

‘‘म्हनूनच. त्यो मेला तर आमाला कळंल. न्हायतर आमाला कोन सांगनार हाय?’’

मी दुसऱ्या दिवशी गप्पी आणले. डबक्यातला मासा, काडीएवढा, दुकानात ज्याला कुणी विचारत नाही. एक तिच्या टाकीत सोडला. ते बघून शेजारणींनीही मागितले, त्यांच्या ड्रमांत सोडायला. काहींचे जगले. काहींचे सकाळी उलटे तरंगत होते. ज्यांचे मेले त्यांतल्या एकीने सांगितलं की मासाच कमजोर होता, दुसरा दे. एकीने ड्रम गोठ्यात नेला, गुरांच्या पाण्याला. मी ओरडलो, गुरं काय तुझी सवत आहेत का? ती म्हणाली, मग फेकू का एवढा चांगला ड्रम?

कर्णिक साहेबांनी पुढच्या खेपेला दुसरी जोडी आणतो म्हटलं होतं. वहिनी नको म्हणाल्या. त्यांची टाकी त्यांनी रिकामी करून घेतली. ती कुंडी मागून घेतली तेवढी, आणि तिच्यात तुळस लावली. मी गच्चीवरच्या बरण्या ओतून टाकल्या. त्यानंतर खाऱ्या पाण्याची एकही टाकी मी लावली नाही. कुणी विचारलं तर सांगतो, इथे समुद्र टिकत नाही.

गेल्या भाऊबीजेला कुंदाकडे गेलो होतो. उन्हातून आलेलो, घसा सुकलेला. तिने पाट मांडला, तबक आणलं. ओवाळण्याआधी पाणी दे म्हटलं. ती ओटीवर गेली, झाकण काढायच्या आधी वाकली, गोणपाट वर केलं आणि आत बघितलं. तिची सून बघते तशीच, नातू बघतो तसाच. आता त्यांना ते कुणी सांगावं लागत नाही. जन्मभर मी लोकांना म्हणत आलो, आधी पाणी बघा, मग मासा. ह्या घरात उलटं झालंय.

तांब्या माझ्यापुढे धरून कुंदा म्हणाली, ‘‘जिता हाय. पी.’’

मी प्यालो.